त्या रेघा माह्या होत्या

मित्रांनो, मी एक टोपली हाय. भाकरी ठेवायची नाही. बंजारा बाईच्या कानशिलावर, वेणीत गुंफून, उलट्या वाटीसारखी चांदीची लोंबते अन जिच्या खाली घुंगरं राहतात, ती टोपली. माही एक जोडीदारीन हाय, ती डाव्या कानशिलावर, मी उजव्या. ती शांत हाय. मी नाही. बाकीच्या वस्तू आपली गोठ सांगाले बसल्या का पयले म्हणतात मी जुनी झाली, मी थकली, मले कोणी विचारत नाही. मी जुनीबी नाही अन थकलीबी नाही, मले राग आलेला हाय. तो उतरूनच नाही राह्यला, म्हणून तुमाले सांगते. ऐका, मधात कोणी उठू नका.

दारव्ह्याच्या सोनारानं मले छप्पन सालच्या उन्हाळ्यात घडवलं. लहानशा हातोडीनं टकटक करून पत्रा फुगवला, त्यावर फुलं उठवली, घुंगरं ओवली, अन मंग आमाले दोघींले कानाजवळ नेऊन हालवून पाह्यलं. हंसाबाईचं लगन होतं. तिचा बाप, फुलसिंग, समोर बसून होता, तो म्हणे, "आवाज बराबर येते का, नाही तं पोरगी मले नावं ठेवन." हंसा तवा किती असन, तुमच्या मोठ्या बहिणीएवढी. लग्नात आमाले तिच्या वेणीत गुंफलं अन ती गुलाबसिंग नाईकाच्या तांड्यावर आली, नाईकाच्या लेकाची, देवीलालची, नवरी होऊन. नाईक म्हणजे तांड्याचा मुख्य. दारव्ह्यापासून जवळच हाय तो तांडा. पयले हे लोक बैलायच्या पाठीवर मीठ-धान्य लादून गावोगाव फिरत, आता कापूस पेरतात, ज्वारी पेरतात. तांड्यावर सारे गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यायच्या भाषेत, बोलतात, मी तुमच्यासाठी वऱ्हाडीत सांगून राह्यली.

एक गोठ पयलेच समजून घ्या, नाही तं पुढचं समजणार नाही. टोपली लग्नात बांधतात. नवरा जिता हाय तोवर ती उतरत नाही. उतरली म्हणजे तो गेला. हंसाची सासू जमनाबाई तं याच्यात लय कडक. केस धुवायचे तरी एका बाजूची वेणी उकलायची, ती गुंफली का मंगच दुसरी. दोन्ही कानशिलं एकदम उघडी ठेवायची नाही, असा तिचा दंडक. अन हंसा तिले याडी म्हणे, याडी म्हणजे आई, म्हणून ऐके.

ते दिवस लय चांगले होते, खरंच. हंसा कापूस वेचे तं मी झुले, पाणी भरे तं मी झुले, तीजेच्या सणाले गाण्यात नाचे तं मी अशी उडे का जोडीदारीन म्हणे हळू, हळू. जमनाबाई आमाले चिंच लावून घासे अन बाजारात आल्यागेल्याले म्हणे, "पाहा माह्या सुनंच्या टोपल्या, दारव्ह्यात अशी जोडी नाही." माह्या बराबर खाली हंसाची नस होती, कानशिलावरची. थडथड उडे. ती पळाली का उडे. लाजली का उडे. देवीलालवर चिडली का उडे, अन गंगी झाली, तिची पोट्टी, तिले छातीशी घेऊन बसली तरी उडे. सारखीच उडे मित्रांनो. मी तिच्या डोक्यापासून बोटभर दूर राहत होती, माह्याएवढं जवळ कोणी नव्हतं, देवीलालबी नाही, तरी मले आतलं काही समजत नव्हतं. हे ध्यानात ठेवा. पुढं एक मानूस येणार हाय, तो म्हणणार हाय का मले समजते.

मंग बासष्ट सालच्या कापूस वेचणीत हंसाले फिट आली. वावरात उभ्याउभ्या डोळे फिरले, हातपाय ताठ झाले, अन पडली. मी खाली मातीत दाबल्या गेली. बाया धावल्या, अन पयलं काय केलं माईत हाय? देवीलालची चप्पल आणली अन तिच्या नाकाले लावली. शेणात बुडालेली चप्पल. कोणी कांदा फोडला. कोणी तिचे दात उचकटून पाहे. ती बिचारी थोड्या वेळानं आपोआप शुद्धीवर आली तं म्हणतात, पाहा, चपलेनं उतरली.

दुसरी फिट घरी आली, अन तवा गंगी तिच्या कडेवर होती. हंसा पडली अन गंगी बाजूच्या कापसाच्या ढिगात गडगडत गेली. पोट्टीले काही झालं नाही, ती तं हसून राह्यलती. पण जमनाबाईनं ते डोळ्यानं पाह्यलं. ती खाटीवर बसली ते उठेच ना. मी तिले त्याच्यासाठी दोष देत नाही. मीबी भेलती.

गुलाबसिंग दारव्ह्याच्या बाजारातून गोठ घेऊन आला का यवतमाळले एका डॉक्टरानं मुंबईहून डोक्याची मशीन आणली, डोक्यात काय चालते ते कागदावर काढून देते म्हणे. नाईक खूश. म्हणे, "आपण काही अडाणी नाही. भगताकडं नाही जाणार, मशीनकडं जाणार." बरं केलं ना? मलेबी तसंच वाटलं. आम्ही सारे लहान गाडीनं, म्हणजे अरुंद रुळावरच्या आगगाडीनं, यवतमाळले गेलो, गुलाबसिंग, जमनाबाई, देवीलाल, हंसा, अन गंगी खिडकीत. हंसा वाटेनं एकच म्हणत होती, "औषध भेटन ना? गोळी भेटली तं बरं होईन." तिले तेवढंच पाह्यजे होतं.

डॉक्टर तरणा होता, गोरापान, बाहेरदेशी शिकून आलेला. मशीनवर अशी चादर टाकून ठेवे जशी नवी नवरी. त्यानं गुलाबसिंगले विचारलं, "जात कोणती तुमची?"

"बंजारा, साहेब."

"अच्छा." डॉक्टर खुर्चीत थोडा पुढं सरकला. "ही चिडते का? कोणाला मारते वगैरे?"

"चिडते तं साऱ्याच चिडतात साहेब," गुलाबसिंग म्हणाला. "याची माय तं माह्यावर रोज चिडते."

"मले कायले मधात आणता?" जमनाबाई म्हणाली.

डॉक्टर हसला नाही. झोप कशी हाय, जेवते का, पयले कधी डोक्याले मार लागला का, सारं त्यानं गुलाबसिंगले विचारलं, नाही तं देवीलालले विचारलं. हंसा समोर स्टुलावर बसून होती. तिलेबी तोंड हाय हे त्या खोलीत कोणाच्या ध्यानातच नव्हतं. मशीन काय करते, डोक्याले काय लावणार, दुखते का, कोणी तिले सांगतलं नाही. लावू का म्हणून तं बिल्कुलच विचारलं नाही. आपण बकरी विकत घेतो तरी तिच्या तोंडाकडं पाहतो.

"हे कानाजवळचं काढा," डॉक्टर म्हणाला. म्हणजे मले.

जमनाबाई मधात उभी राह्यली. "कसं काढन? नवरा समोर उभा हाय तिचा."

देवीलाल बिचारा आपला जिता उभा होता, सारे त्याच्याकडं पाहाले लागले, तो भिताडाकडं पाहाले लागला.

"खरं म्हणजे काढायलाच पाहिजे," डॉक्टर म्हणाला. हे त्याचे शब्द हायत मित्रांनो, विसरू नका, त्याले माईत होतं. मंग त्यानं घड्याळ पाह्यलं. बाहेर लोक बसून होते. "बरं, राहू द्या. चालेल."

चालेल म्हणे.

त्यानं हंसाच्या डोक्याले चिकट लेप लावला अन त्यावर लहान लहान चांदीच्या टिकल्या बसवल्या. चांदीच्या, माह्याच जातीच्या. मले वाटलं ओळखीचे पाव्हणे आले. एकेका टिकलीतून तार, साऱ्या तारा मशीनमधी, अन मशीनवर सुयासारख्या लेखण्या, त्याच्या खालून कागद सरकून राह्यला. दोन तारा माह्या अंगावरूनच गेल्या. हंसा डोळे मिटून बसली तवा लेखण्या बारीक बारीक चालत होत्या, मुंगी चालते तशा. मंग डॉक्टर म्हणाला, "आता जोरजोरात श्वास घ्यायला सांगा तिला." तिले नाही सांगतलं, देवीलालले सांगतलं. देवीलालनं तिले सांगतलं. हंसा जोरानं श्वास घ्याले लागली, भेलेली होती, तिचं डोकं हालत होतं, अन डोकं हाललं का मी हालणारच ना, मी लोंबकळते कशासाठी. मी झुलली, तार हालली, अन लेखणी खर्रकन कागदाच्या त्या टोकाले गेली. मी परत आली, लेखणी परत आली. पलीकडून जोडीदारीन झुलली, तिकडची लेखणी उडाली. खर्र. खर्र. खर्र.

मी समजून गेली. मी जेवढं होते तेवढं आंग आखडून धरलं, पण मले काय हात हायत? डॉक्टराचे डोळे असे चमकून राह्यलते का विचारू नका. त्यानं कागद फाडला अन गुलाबसिंगपुढं धरला.

"पाहिलंत? या रेघा बारीक अन एकसारख्या पाहिजेत. हिच्या डोक्यात वादळ आहे. आज शांत दिसते, पण उद्या काय करेल याचा भरवसा नाही. घरात लहान मूल आहे?"

"नात हाय," जमनाबाईनं गंगीले जवळ ओढलं.

"मग हिच्याजवळ एकटं ठेवू नका. या प्रकारचं डोकं कधी हिंसक होईल सांगता येत नाही."

ती मी होती. मी घुंगरं वाजवून वाजवून सांगत होती का ती मी हाय, वादळ नाही, मी हाय. डॉक्टराले वाटलं बाई उठताना दागिना वाजून राह्यला. अन गोळी? गोळी तो विसरला. फिटेसाठी आलेली बाई, तिले फिटेचं औषधच दिलं नाही, कागद देऊन पाठवलं.

परतीच्या गाडीत हंसानं विचारलं, "मले काय झालं म्हणे?"

"काही नाही," देवीलाल म्हणाला. साऱ्याईले माईत होतं, जिचं डोकं होतं तिले सोडून.

तांड्यावर आल्यावर गंगी जमनाबाईजवळ झोपाले लागली. हंसानं हात पुढं केला तं जमनाबाई म्हणे, "राहू दे, खेळून राह्यली." भरवाले गेली तं "मी भरवते." हिरीवर हंसा आली का बाया आपापले पोट्टे उचलून कडेवर घेत, अन तोंडानं काय म्हणत, "ये ना हंसा, ये ना." काल जिच्या मांडीवर लेकरू टाकून वावरात जात होत्या, ती हीच हंसा. बदललं काय होतं? एक कागद आलता. माह्या खाली तिची नस अशी उडे का मले वाटे आता फुटते. पण तिनं कोणाले शिवीबी दिली नाही. चिडली असती तं म्हणले असते, पाहा, डॉक्टर म्हणतच होता. रडली असती तरी तेच. मानसाले चिडाचीबी सोय ठेवली नव्हती त्या कागदानं.

मंग नसाब बसला. नसाब म्हणजे तांड्याची पंचायत. देवळापुढच्या चौथऱ्यावर सारे मानसं, बाया मागं. लखीराम म्हातारा तांड्यात मोठा जाणता, त्यानं कागद हातात घेऊन लय वेळ पाह्यला, मान हालवली, म्हणे, "अवघड हाय."

"काका, उलटा धरला तुमी," देवीलाल म्हणाला.

"सुलटाबी अवघडच असन," लखीराम म्हणाला अन कागद देऊन टाकला.

गुलाबसिंगनं सांगतलं. हंसाले तिच्या बापाच्या तांड्यावर पोचवून द्यायचं, फुलसिंग मानूस चांगला हाय, सांभाळन. गंगी इथंच राहीन. हे सांगताना तो हंसाकडं पाहत नव्हता, जमिनीवर काडीनं काहीबाही ओढत होता. त्याले वाईट वाटत होतं हे मले दिसत होतं. मले त्याचा जास्तच राग आला. वाईट वाटून घेत अन्याय करते तो मानूस मले पटतच नाही.

हंसा मागून पुढं आली. नसाबात सुनंनं बोलायची रीत नाही. ती बोलली.

"मी काय केलं?"

"केलं काही नाही बेटा," गुलाबसिंग म्हणाला.

"मंग?"

"करशीन."

"काय करीन?"

"ते डॉक्टरालेच माईत नाही, तं आमाले कसं माईत राहीन?"

"म्हणजे मी काय करीन ते कोणालेच माईत नाही, अन पोट्टी मातर माही आजच घेता."

हंसाचा आवाज चढला नव्हता, पण मी तिच्या कानशिलावर होती, मले माईत हाय तो आवाज तिनं कसा धरून ठेवलता.

"हा कागद माह्या डोक्याचा," ती म्हणाली. "तुमच्या डोक्याचा कुठं हाय? लखीरामकाकाच्या डोक्याचा? साऱ्याईचे कागद आणा अन बाजूबाजूनं ठेवा. एकट्या माह्या कागदावरून कसं समजलं का बाकीच्याईच्या डोक्यात वादळ नाही?"

तुमी पाह्याले पाह्यजे होतं. सारे मानसं आपापल्या पागोट्याले हात लावाले लागले, जसं कोणी वरून उचलून पाहणारच हाय. लखीराम म्हणे, "मले तं बाप्पा गाडीच सहन होत नाही." एक म्हणे माही ज्वारी कापाची राह्यली. अन देवीलाल हसला, इतक्या दिवसात पयल्यांदा, अन बापाचे डोळे पाहून गप बसला.

तेवढ्यात मागून जमनाबाई उठली. "माहं मोजा. याईचं घर इतकी वर्स ज्या डोक्यानं चालवलं ते काही वाकडं नाही. मोजा, अन ठेवा हिच्या कागदाजवळ, मंग तं पटन हिले."

झालं. पुन्हा लहान गाडी, पुन्हा यवतमाळ. डॉक्टराले तं आनंदच झाला. जमनाबाईच्या टोपल्या माह्याहून मोठ्या, जुन्या काळच्या, भरीव. काढा म्हणून डॉक्टर या वेळी म्हणालाबी नाही, सरळ लेप लावाले लागला. गंगी आजीच्या मांडीवरून उतरेच ना, म्हणून ती मांडीवरच. हंसा भिताडाजवळ उभी, म्हणून मले सारं दिसत होतं.

"जोरात श्वास घ्या आजी."

जमनाबाईनं असा श्वास घेतला का खुर्ची करकरली. अन मधामधात बोलेबी, "घेऊन तं राह्यली, अजून किती घेऊ." तिच्या त्या दोन टोपल्या अशा झुलल्या का लेखण्या कागदाच्या बाहेर पडतात का काय.

डॉक्टर कागदाकडं पाहतच राह्यला. मंग हळूच विचारलं, "तुम्ही दोघी रक्ताच्या नात्यातल्या नाही ना?"

"सासू-सून हायत," देवीलाल म्हणाला.

"म्हणजे हे घराण्यातलं नाही." डॉक्टर उठून खोलीत फिराले लागला. "जातीतलं आहे. मला वाटतच होतं. नाईक, तुमच्या सगळ्या तांड्याची डोकी मला तपासावी लागतील. मी यावर लिहिणार आहे. पूर्वी इंग्रज सरकार तुमच्या जातीवर नजर ठेवायचं ते उगाच नव्हतं."

हे तो रागानं नाही बोलला मित्रांनो. गोड बोलला. बक्षीस भेटल्यावर मानूस बोलते तसा.

गुलाबसिंगचं तोंड उतरलं. "माह्या बापानं ठाण्यात हजेरी दिली साहेब," तो म्हणाला. "कधी कोणाची काडी नाही उचलली, तरी दिली. शिपाई म्हणे, तू नाही केली तरी तू करशीन."

बोलला अन एकदम थांबला. तो शब्द त्यानं स्वतः नसाबात हंसाले म्हणलता, ते त्याले आठवलं. त्यानं हंसाकडं पाह्यलं. या वेळी पाह्यलं.

"अन ही मुलगी," डॉक्टर म्हणाला, "या आजींजवळही एकटी ठेवू नका."

"मंग कोणाजवळ ठेवू?" जमनाबाई म्हणाली. "तुमच्याजवळ ठेवू का?"

गंगी कंटाळलीती. आजीच्या मांडीवर उभी राह्यली अन तिनं समोर लोंबणारी टोपली बोटानं टिचकन उडवली. खर्र. लेखणी उडाली. गंगी खुदकन हसली. परत उडवली. खर्र. परत. खर्र.

देवीलालनं तोंडावर हात ठेवला पण हसू बाहेर आलंच. मंग गुलाबसिंग उठला. एवढा मोठा नाईक, ज्यानं चार लोकायत बायकोकडं नीट पाह्यलंबी नसन, तो तिच्या खुर्चीजवळ गेला, वाकला, अन आपल्या जाड्या बोटानं तिची टोपली उडवली.

खर्र.

"हात कायले लावता लोकायपुढं," जमनाबाई म्हणाली.

त्यानं अजून एकदा उडवली. खर्र. "हे वादळ का, साहेब?"

डॉक्टरानं बटन बंद केलं. त्याचे कान लाल झालते. त्यानं हात जोडले असते तं मी आज त्याचं नाव गोडीनं घेतलं असतं. तो म्हणाला, "हे खेळणं नाही. ठीक आहे. दोघींनीही दागिने काढा, पुन्हा घेऊ. काय आहे ते एकदाचं कळून जाईल."

"मी नाही काढत," जमनाबाई म्हणाली. "हे समोर उभे हायत."

देवीलाल हंसाजवळ आला. त्याचे डोळे ओले होते. "तू काढ ना हंसा. एक डाव. मले काही होत नाही, मी सांगतो ना. रेघ सरळ येईन, मंग कोणी तुले बोट नाही दाखवणार."

मले वाटलं आता हात माह्याकडं येते. अन मी तयार होती मित्रांनो. मले म्हणालं असतं कोणी तं मी स्वतः सुटून पडली असती. पण हंसानं हात वर केलाच नाही.

"अन सरळ नाही आली तं?" ती म्हणाली.

देवीलालले समजलं नाही.

"फिट तं मले खरंच येते. माह्या डोक्यात काही ना काही असनच. टोपली काढून बसली अन रेघ वाकडीच आली, मंग गंगी कोणाची?" ती देवीलालशी बोलतच नव्हती. ती सासऱ्याकडं पाहत होती. "ते पयले सांगा. मंग म्हणाल ते काढीन."

मी इतक्या वर्सात पाह्यलेली हीच एक गोठ, जिच्यात मशीन बंद असूनबी साऱ्याईच्या डोक्यात काय चाललं ते दिसत होतं. गुलाबसिंग हंसासमोर येऊन उभा राह्यला. मंग तो म्हणाला, हळूच, पण नसाबात बोलतो तसा, म्हणजे फिरवायचा नाही असा:

"सरळ येवो का वाकडी येवो. पोट्टी तुही हाय. तिनं आजवर तुह्या हातचं खाल्लं, तिले काही झालं नाही. आमाले तेवढं पाहाले पाह्यजे होतं."

जमनाबाईनं गंगीले काखेत धरून उचललं, डोक्यावर साऱ्या तारा तशाच. "घे," ती म्हणाली. "मले या जाळ्यातून उठता येत नाही, नाही तं मीच आणून दिली असती."

हंसानं गंगीले घेतलं. घेतल्याबराबर पोट्टीनं माही घुंगरं मुठीत धरली. धर म्हणलं बाई, पाह्यजे तेवढी वढ.

अन मंग हंसा डॉक्टराकडं वळली. पयल्यांदा ती त्याच्याशी अन तो तिच्याशी बोलले. "साहेब, मी फिटेसाठी आलती. औषध हाय का?"

डॉक्टरानं खाली बसून गोळ्या लिहून दिल्या. म्हणजे गोळ्या होत्या. पयल्या दिवशीबी होत्या. साध्या, लहानशा, रोज घ्यायच्या. त्याच्यासाठी ना मशीन लागत होती ना जात.

निघताना गुलाबसिंगनं तांड्यावरून आणलेला हंसाचा कागद फाडला अन जमनाबाईचा मागतला. डॉक्टर म्हणे, "तो माझ्याकडे राहील."

"डोकं हिचं अन कागद तुमचा?"

"मशीन माझी आहे."

याचाच मले राग हाय मित्रांनो, हाच उतरत नाही. तो कागद त्यानं ठेवला. त्यानं पुढं काय लिहिलं मले माईत नाही, पण लिहीन म्हणलाता. कोणीतरी दूरचा शिकलेला मानूस ते वाचून मान हालवत असन, का अशी अशी एक जात हाय, तिच्या डोक्यात वादळ राहते. उद्या तुमच्या शाळेत कोणी गंगीले मागच्या बाकावर बसवन त्याच्यावरून. अन ते काय होतं? टोपल्या होत्या. माह्या चुलतबहिणी होत्या, दारव्ह्याच्या सोनारानं घडवलेल्या.

हंसा गोळ्या घेते. तरी एखाद डाव फिट येते, विसरली का हमखास येते. पण आता तांड्यावर कोणी चप्पल आणत नाही, देवीलालनं आणू दिलीच नाही. तिले कुशीवर वळवतात, डोक्याखाली कपडा ठेवतात, तोंडात काही घालत नाही, अन शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसतात. गंगीबी बसते. मायचा हात धरून बसते अन बाकीच्या पोट्ट्यायले सांगते, थांबा, उठते आता.

तुमच्या वर्गात कोणाले फिट येत असन तं तसंच बसा. तिचा डब्बा वेगळा करू नका. मी काही मशीनच्या विरोधात नाही, मशीनच्या टिकल्या तं माह्याच चांदीच्या होत्या, अन कोण्या दिवशी त्याईच्यातून लय लोकायचं भलं होईन, होवो. पण कोणी मोठा मानूस कागद घेऊन आला अन म्हणाला का मले हिच्या डोक्यातलं दिसते, तं त्याले विचारा, तिले विचारून पाह्यलं का? अन पाहून काय करणार हाय, औषध देणार का लेकरू हिसकणार? त्याले राग आला तं येऊ द्या. जे केलंच नाही त्याची सजा मानसाले देता येत नाही, मंग रेघ वाकडी असो का सरळ. हे तुमी मोठे झाल्यावर नका शिकू, आजच शिका, कारन मोठे झालेल्यायले शिकवाले मले एक तांडा, दोन खेपा अन एक पोट्टी लागली.